दारावर पहारा, वर्गात एकाकी

शिक्षकांच्या दर्जाची चर्चा परवाना, पदवी आणि पात्रता परीक्षा यांभोवतीच फिरते. नव्या शिक्षकाची वर्गातील पहिली तीन वर्षे मात्र धोरणाच्या नजरेआडच राहिली आहेत.

डिसेंबर २०२५ मध्ये विकसित भारत शिक्षा अधिष्ठान विधेयक लोकसभेत मांडले गेले, तेव्हा विरोधकांच्या आक्षेपांचा रोख मुख्यतः दोन मुद्द्यांवर होता. एक, राज्यांच्या आणि विद्यापीठांच्या अधिकारांवर केंद्राचे आक्रमण. दुसरा, विधेयकाला दिलेले हिंदी नाव. विद्यापीठ अनुदान आयोग, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद या तिन्ही संस्थांचे कायदे रद्द करून एकच छत्र उभारण्याची तरतूद असलेले हे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे सोपवण्यात आले. यांपैकी पहिल्या दोन संस्थांच्या भवितव्याविषयी बरेच लिहिले-बोलले गेले. तिसरी संस्था देशातील शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांवर नियंत्रण ठेवते. तिच्या तीन दशकांच्या कारभाराचा हिशेब मात्र फारसा कोणी मागितला नाही.

त्याच्या तीन महिने आधी, १ सप्टेंबर २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात दूरगामी निकाल दिला होता. शिक्षण हक्क कायदा लागू होण्यापूर्वी नेमल्या गेलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा त्यांना सेवेत राहता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल. परंतु परीक्षा उत्तीर्ण न होता पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून राज्याराज्यांतील शिक्षक संघटना रस्त्यावर उतरण्याची भाषा करू लागल्या आणि शिक्षणमंत्री विधिज्ञांचा सल्ला घेऊ लागले.

विधेयक आणि निकाल या दोहोंच्या मुळाशी एक समान गृहीत आहे. शिक्षकाचा दर्जा व्यवसायाच्या प्रवेशद्वारावर ठरतो. दारावरचा पहारा कडक केला की आतले सारे आपोआप सुधारते, असे ते गृहीत. गेल्या दोन दशकांत भारतात आणि भारताबाहेर झालेले संशोधन या गृहीताला फारसा आधार देत नाही. शिक्षक घडतो तो प्रामुख्याने वर्गात, नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, आणि तेथे त्याला कोणाची साथ मिळते यावर, असे या अभ्यासांचे तात्पर्य आहे. नेमका हाच काळ भारतीय शिक्षणव्यवस्थेने वाऱ्यावर सोडला आहे.

परवान्यांचा इतिहास

शिक्षकांच्या सततच्या प्रशिक्षणाची गरज कोणाच्या ध्यानात आली नव्हती, असे नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची, म्हणजे ‘डायट’ची, योजना आली. शिक्षकाला त्याच्या जिल्ह्यातच व्यावसायिक आधार मिळावा, ही त्यामागची कल्पना होती. ती योग्यच होती.

पुढे मात्र धोरणाचा ओघ आधाराकडून नियंत्रणाकडे वळला. संसदेने १९९३ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा केला आणि १९९५ मध्ये परिषद कार्यरत झाली. जयपूर, भोपाळ, भुवनेश्वर आणि बंगळूर येथील विभागीय समित्यांकडे महाविद्यालयांना मान्यता देण्याचे अधिकार आले. दर्जा राखण्यासाठी जन्मलेल्या या यंत्रणेच्या देखरेखीखालीच खासगी अध्यापक महाविद्यालयांचे पीक आले. २०१९ च्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यात देशातील अशा संस्थांची संख्या सुमारे १७ हजार आणि त्यांतील खासगी संस्थांचे प्रमाण ९२ टक्के नोंदवलेले आहे.

या व्यवहाराला वाचा फुटली ती महाराष्ट्रामुळे. परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने २००८ मध्ये राज्यातील २९१ डी.एड. संस्थांना मान्यता देऊ केली. राज्य सरकारचा त्याला विरोध होता. इतक्या पदविकाधारकांना नोकऱ्या कोठून द्यायच्या, हा त्याचा प्रश्न होता. वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने २०११ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने ऑगस्ट २०१२ मध्ये अहवाल दिला. त्याचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने जे नमूद केले, ते कोणत्याही नियामक संस्थेसाठी लाजिरवाणे ठरावे. दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गांभीर्याने शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, त्या पैसे घेऊन पदव्या विकतात, असे सरकारी धोरणातच छापले गेले.

त्यावरचा उपाय म्हणून दारावर आणखी पहारेकरी आले. २०१० च्या अधिसूचनेने शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य झाली आणि २०११ मध्ये पहिली केंद्रीय परीक्षा झाली. सुरुवातीच्या काही परीक्षांत उत्तीर्णांचे प्रमाण एक अंकी राहिले. प्रशिक्षण घेऊन पदवी मिळवलेल्या उमेदवारांचा हा निकाल म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचाच निकाल होता. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम २०२१ मध्ये अधिसूचित झाला आणि २०२३-२४ पासून ५७ संस्थांत सुरू झाला. पहारा मात्र फितूर होऊ शकतो, हेही महाराष्ट्रानेच दाखवून दिले. २०१९-२० च्या राज्य पात्रता परीक्षेतील गैरव्यवहाराचा छडा डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी लावला, परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली.

मुदतवाढीचे राजकारण

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच्या कलम २३ नुसार, नियत पात्रता नसलेल्या शिक्षकांनी पाच वर्षांत ती मिळवायची होती. ३१ मार्च २०१५ ही मुदत उलटली, तरी अप्रशिक्षित शिक्षकांची फौज जागेवरच होती. २०१७ च्या पावसाळी अधिवेशनात तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी दुरुस्ती विधेयक मंजुरीसाठी आणले, तेव्हा प्राथमिक स्तरावर सुमारे ११ लाख शिक्षक अप्रशिक्षित असल्याचे सरकारनेच सांगितले. मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढली. शिक्षक हा प्रत्येक मतदारसंघात मतदार असतो आणि मतदान केंद्रावर अधिकारीही असतो. त्याला मुदत वाढवून देण्यास सहसा कोणताच पक्ष नाही म्हणत नाही.

मग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे हे काम सोपवले गेले. १३ लाखांहून अधिक शिक्षकांनी तिच्या पदविका अभ्यासक्रमासाठी नोंदणी केली. दूरचित्रवाणी, संगणक आणि ठरावीक संपर्कवर्ग यांच्या आधारे अठरा महिन्यांत एवढ्या शिक्षकांना प्रशिक्षित ठरवणे हा प्रशासकीय दृष्टीने पराक्रमच होता. परंतु ही अठरा महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या तोडीची आहे काय, यावर पुढे न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालला. त्या प्रशिक्षणानंतर वर्गातील शिकवणे किती बदलले, याची पाहणी या साऱ्या वादात कोणाच्याच विषयपत्रिकेवर नव्हती.

संसदेतील प्रश्नोत्तरांचे कामकाज चाळले तरी हीच वृत्ती दिसते. किती शिक्षकांना प्रशिक्षण दिले, असा प्रश्न येतो आणि किती लाखांना दिले, असे उत्तर येते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ कार्यक्रमाचे लक्ष्य प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे होते. पुढे तो ऑनलाइन गेला. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. लाख आणि तास मोजता येतात, म्हणून ते मोजले जातात.

संशोधनाचा कौल

प्रशिक्षण दिले म्हणजे शिकवणे सुधारते काय, याची कठोर परीक्षा गेल्या दोन दशकांत अनेक देशांत झाली. चीनने आपल्या राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमावर प्रचंड खर्च केला. एका प्रांतातील ३०० शाळांमधील ६०० शिक्षकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरानंतर विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर त्याचा काहीही परिणाम आढळला नाही. प्रशिक्षण अतिसैद्धांतिक होते आणि शिकलेले वर्गात उतरवताना शिक्षकाला कोणी मदतीला नव्हते.

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचे तपशीलवार विश्लेषण शिक्षकांना पुरवले गेले, कोठे कमी पडत आहे ते सांगितले गेले आणि अधूनमधून वर्गनिरीक्षणही झाले. निरीक्षक वर्गात असताना शिक्षक अधिक नेटाने शिकवताना दिसले. वर्षअखेरीस मुलांची प्रगती मात्र इतर शाळांहून वेगळी नव्हती. चूक दाखवणे आणि ती दुरुस्त करायला हातभार लावणे, यांतले अंतर या प्रयोगाने स्पष्ट केले.

‘प्रथम’ ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञ यांनी उत्तर भारतात केलेल्या प्रयोगांची मालिका भारतीय प्रशासकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. बिहारमध्ये शिक्षकांना मुलांच्या पातळीनुसार शिकवण्याचे प्रशिक्षण आणि साहित्य दिले गेले. उन्हाळी शिबिरात त्याच सरकारी शिक्षकांनी ती पद्धत वापरली आणि मुले पुढे गेली. शालेय वर्षात मात्र केवळ प्रशिक्षण आणि साहित्य मिळालेल्या शाळांत काहीच हलले नाही. पद्धत तीच आणि सरकारी शिक्षकही तेच होते. शाळा सुरू होताच पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याचे ओझे, अधिकाऱ्यांच्या अपेक्षा आणि जुन्या सवयी यांनी नव्या शिकवणीचा कब्जा घेतला.

हरियाणात २०१२-१३ मध्ये हाच धडा लक्षात घेऊन रचना बदलली गेली. शिक्षकांना आधार देणाऱ्या गटस्तरीय समन्वयकांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस वर्गात उभे राहून ही पद्धत वापरून पाहिली. त्यानंतर त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि ते शाळांत जाऊन मदत करत राहिले. वेळापत्रकात रोज एक तास याच कामासाठी राखून ठेवला गेला. हिंदी वाचनात स्पष्ट सुधारणा दिसली. त्याच राज्यात, त्याच काळात, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचेही प्रशिक्षण शिक्षकांना दिले गेले होते. त्याचा विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर परिणाम आढळला नाही. शिक्षकांच्या वाट्याला मूल्यमापनाच्या नोंदींचे कागद तेवढे आले.

दक्षिण आफ्रिकेतील निष्कर्षही याच दिशेचे आहेत. सेट्स्वाना भाषेतून वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांच्या एका गटाला एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिले, तर दुसऱ्या गटाकडे अनुभवी मार्गदर्शक नियमितपणे वर्गात जात राहिले. पाठांचे आराखडे दोघांनाही सारखेच होते. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातील मुलांची प्रगती पहिल्या गटाच्या जवळपास दुप्पट निघाली. अशा वर्गातील मार्गदर्शनाच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. शिकवण्यात आणि मुलांच्या संपादणुकीत सुधारणा होते, असे त्याने सांगितले. पण एक इशाराही दिला : कार्यक्रमाचा विस्तार होत जातो, तसतसा त्याचा परिणाम उतरत जातो. एक कोटीहून अधिक शिक्षक असलेल्या देशाने हा इशारा विसरून चालणार नाही.

परिवीक्षा कोणाची, कशासाठी

दिल्लीत आणि राज्याराज्यांत काम करणाऱ्या अधिकारीवर्गाला स्वतःच्या सेवेची आरंभीची वर्षे आठवत असतील. भारतीय प्रशासकीय सेवेत निवड झालेला तरुण थेट जिल्हाधिकारी होत नाही. मसुरीचे प्रशिक्षण, मग सुमारे वर्षभर जिल्ह्यात ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या हाताखाली अनुभव, मग पुन्हा मसुरी, अशी सुमारे दोन वर्षांची मांडणी राज्यसंस्थेने त्याच्यासाठी केली आहे. डॉक्टरला वर्षभराची आंतरवासिता आहे. शिक्षकाच्या वाट्याला पदवीच्या काळातले वीस आठवड्यांचे शाळानुभवाचे सत्र येते, आणि तेही अनेक महाविद्यालयांत कागदोपत्री उरकले जाते. नेमणुकीचे पत्र हाती पडले की दुसऱ्या दिवशी वर्ग त्याच्या एकट्याच्या ताब्यात असतो. दुर्गम गावातली अवघड शाळा बहुधा याच नवख्याच्या नशिबी येते, कारण ज्येष्ठांनी बदली करून घेतलेली असते.

नव्या शिक्षकाला दिलेल्या आधाराचा परिणाम लगेच दिसत नाही, हेही संशोधनातून पुढे आले आहे. अमेरिकेत १७ जिल्ह्यांत झालेल्या आणि २०१० मध्ये अंतिम अहवाल आलेल्या अभ्यासात, नवागत शिक्षकांना सखोल मार्गदर्शन देऊनही पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थ्यांच्या निकालात फरक दिसला नाही. तिसऱ्या वर्षी मात्र, ज्यांना सलग दोन वर्षे आधार मिळाला होता त्यांचे विद्यार्थी पुढे असल्याचे दिसले. एका वर्षाचा आधार पुरला नव्हता. आर्थिक वर्षाच्या हिशेबाने योजना आखणाऱ्या आणि मार्चअखेरीस खर्चाचे प्रमाणपत्र मागणाऱ्या व्यवस्थेला हा निष्कर्ष गैरसोयीचा आहे. इंग्लंडने तो काही अंशी मनावर घेतला. तेथे सप्टेंबर २०२१ पासून नव्या शिक्षकाला दोन वर्षांचे आधारसत्र, नेमून दिलेला मार्गदर्शक, आणि पहिल्या वर्षी दहा टक्के व दुसऱ्या वर्षी पाच टक्के तासिकांची सवलत मिळू लागली. २०२५ मध्ये या योजनेची सुधारित आवृत्ती आली.

भारतात याच वर्षांचे काय झाले? सर्व शिक्षा अभियानाच्या निकषांत नव्या शिक्षकांसाठी ३० दिवसांच्या उद्बोधनाची तरतूद होती. त्याच सुमारास राज्यांनी नव्या शिक्षकाची पहिली वर्षे तिजोरीच्या बचतीचे साधन बनवली. महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली : तीन वर्षे मानधनावर काम, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन आरंभी तीन हजार रुपये होते. ते सोळा हजारांवर जायला २०२३ साल उजाडले. गुजरातेत विद्यासहायक, उत्तर प्रदेशात शिक्षामित्र, बिहारमध्ये नियोजित शिक्षक अशी नावे प्रांतागणिक बदलली, तरी सूत्र एकच होते. उत्तर प्रदेशातील सुमारे पावणेदोन लाख शिक्षामित्रांना सेवेत कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये रद्द ठरवला. बिहारच्या नियोजित शिक्षकांची समान वेतनाची मागणी मे २०१९ मध्ये फेटाळली गेली.

या प्रश्नाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कंत्राटी शिक्षक मुलांना नियमित शिक्षकांपेक्षा कमी शिकवतात, असा पुरावा नाही. आंध्र प्रदेशातील अभ्यासात ते निदान तितकेच परिणामकारक आढळले. उलट इंडोनेशियात प्रमाणित शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट करूनही मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. म्हणजे केवळ पगार वाढवून दर्जा वाढेल, हा संघटनांचा दावा आणि केवळ टांगती तलवार ठेवून दर्जा टिकेल, हा वित्त विभागांचा विश्वास, दोन्ही सारखेच अपुरे आहेत. शिक्षणसेवकाची तीन वर्षे वाया गेली ती मानधन कमी होते एवढ्याच कारणाने नव्हे. त्या तीन वर्षांत त्याला शिकवायला शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. परिवीक्षा काळ होता, पण त्यात शिकवण्याची परीक्षा नव्हती आणि वीक्षणही नव्हते.

मतदारयादीत नसलेले

या उपेक्षेमागे एक राजकीय कारणही आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेच्या एक द्वादशांश जागा शिक्षक मतदारसंघांतून भरल्या जातात. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, बिहार अशा राज्यांत हे आमदार शिक्षकांचे प्रश्न हिरिरीने मांडतात. परंतु या मतदारसंघात मत देण्यासाठी माध्यमिक किंवा त्याहून वरच्या संस्थेत किमान तीन वर्षे अध्यापन केलेले असावे लागते. प्राथमिक शिक्षक त्यात नाही आणि पहिल्या तीन वर्षांतला नवा शिक्षकही नाही. बदल्या, वेतन आयोग, जुनी निवृत्तिवेतन योजना हे ज्येष्ठांचे प्रश्न सभागृहात गाजतात. नवख्याला वर्गात मार्गदर्शक हवा, ही मागणी घेऊन येणारा प्रतिनिधी नाही. शिक्षक महाविद्यालयांच्या संस्थाचालकांचा आवाज मात्र सर्वपक्षीय आहे.

दुसरे कारण प्रशासकीय आहे. वर्गात जाऊन आधार देणारी माणसे कागदावर आजही आहेत. महाराष्ट्रात केंद्रप्रमुख आहेत, अन्य राज्यांत गट आणि संकुल साधन केंद्रांचे समन्वयक आहेत, बहुतेक जिल्ह्यांत ‘डायट’ आहे. यांचा दिवस माहिती गोळा करण्यात, पोषण आहाराचे आकडे भरण्यात आणि वरून आलेल्या पत्रांना तातडीने उत्तरे देण्यात जातो. शाळाभेट होते ती तपासणीसाठी. शिक्षकाचीही तीच गत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना अपवाद केले आहे. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि न्यायालयाने पात्रता परीक्षेसाठी दिलेली दोन वर्षे त्यानंतर सहा महिन्यांत संपतात. घरोघरी फिरून माणसे मोजणाऱ्या शिक्षकानेच त्याच काळात स्वतःची पात्रता सिद्ध करायची आहे.

तिसरी अडचण भूगोलाची. २०२४-२५ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशात एक लाखाहून अधिक एकशिक्षकी शाळा आहेत आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकतात. जेथे दुसरा शिक्षकच नाही, तेथे ज्येष्ठ सहकाऱ्याचा आधार आणि तासिकांची सवलत या गोष्टी कोठून आणायच्या? इंग्लंडची योजना उचलून झारखंडच्या पाड्यावर बसवता येणार नाही.

देशातीलच वाटा

तथापि, उत्तरे सर्वस्वी बाहेरून आणण्याची गरज नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम पुढे पंधरा जिल्ह्यांतील सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला. उन्हाळी प्रशिक्षणाइतकेच महत्त्व तेथे मासिक बैठकांना आणि शाळांतील पाठपुराव्याला होते. दर महिन्याला आसपासचे शिक्षक एकत्र येत, वर्गात काय फसले ते सांगत आणि पुढच्या पाठाची तयारी करत. विखुरलेल्या शाळांना आधार देण्याची ही पद्धत होती. राज्य सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. महाराष्ट्रातील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांची कल्पना याच जातकुळीची. सूचना वाचून दाखवण्याची सभा असे तिचे रूप होऊ न देणे, एवढेच करायचे आहे.

राजधानीत दिल्ली सरकारने २०१६ मध्ये सुमारे दोनशे अनुभवी शिक्षकांना मार्गदर्शक म्हणून निवडले आणि प्रत्येकाकडे पाच-सहा शाळा सोपवल्या. केंद्राने २०२० च्या धोरणाला अनुसरून राष्ट्रीय मार्गदर्शन अभियानाचा आरंभ २०२२ मध्ये केला, तो ३० केंद्रीय शाळांत आणि ६० मार्गदर्शकांसह. दिशा योग्य आहे. परंतु केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये ही या देशातील सर्वांत कमी गरजू विद्यालये आहेत. २०२३ च्या अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ‘डायट’ संस्थांना उत्कृष्टता केंद्रांचे रूप देण्याची घोषणा केली होती. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय आणि त्यांना गावोगावच्या शाळांत जाण्यासाठी वेळ व प्रवासखर्च दिल्याशिवाय इमारतींना ते रूप येणार नाही.

या साऱ्याचा खर्च आहे, पण तो अवाक्याबाहेरचा नाही. केंद्रप्रमुखांची आणि समन्वयकांची पदे मंजूर आहेत. त्यांच्याकडील माहिती-संकलनाचे काम काढून घेणे हा प्रामुख्याने आदेशाचा प्रश्न आहे. नव्या शिक्षकाची पहिली नेमणूक एकशिक्षकी शाळेत न करणे हा बदली-धोरणाचा प्रश्न आहे. मार्गदर्शकाने आधी स्वतः वर्ग घ्यावा, ही हरियाणाची अट घालायला कायदा लागत नाही. परिवीक्षा काळात निदान दोन वर्षे नियमित वर्गभेटी आणि मासिक बैठका झाल्या की नाही, हे सेवेत कायम करण्याच्या आदेशाशी जोडता येईल. आणि ही जबाबदारी शिक्षकाची नव्हे, तर खात्याची मानता येईल.

पात्रता परीक्षा नकोच, असा याचा अर्थ नाही. पदव्यांचा बाजार मांडलेल्या देशात दारावर पहारा हवाच. पण पहारेकरी माणसाला आत सोडतो किंवा अडवतो. त्याला घडवत नाही. १९९३ च्या कायद्याने एक परिषद दिली, नव्या विधेयकाने ती मोडून दुसरी व्यवस्था येईल. संयुक्त समितीने या निमित्ताने सरकारला एक साधा प्रश्न विचारायला हवा : नेमणुकीनंतर हजार दिवसांपर्यंत नव्या शिक्षकाची जबाबदारी कायद्याने कोणाकडे आहे? आजच्या घडीला त्याचे उत्तर केंद्राकडे नाही, राज्यांकडे नाही आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही नाही. ते मिळेपर्यंत परिषदेचे नाव हिंदीत असावे की इंग्रजीत, या वादाने कोणत्याही गावातील तिसरीच्या वर्गाला काही फरक पडणार नाही.